पाठवणीचं ऊन

लग्न दुपारीच लागलं. शिरूर अनंतपाळच्या त्या मंगल कार्यालयात पंगती मात्र लांबल्या. नांदेडहून आलेलं वऱ्हाड अंदाजापेक्षा जास्त निघालं, भात दोनदा कमी पडला, आणि आनंदराज मामा आचाऱ्यावर इतके ओरडले की त्यांचा आवाजच बसला. त्यानंतर ते घोगऱ्या आवाजात एकच गोष्ट सांगत फिरत होते, "आटपा रे, दिवस बुडायलाय."

दिवस बुडायला अजून बराच अवकाश होता. स्वप्नालीला ते कळत होतं. लातूरच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात ती भूगोल शिकवत असे. माघातला सूर्य कुठे आणि साधारण केव्हा मावळतो हे तिला पंचांगाशिवाय सांगता आलं असतं. पण मामा बोलत होते ते अव्वाच्या वतीनं. अव्वा म्हणजे तिची आई, बसम्मा. त्यांच्या घरात दिवेलागणीला लेक उंबऱ्याबाहेर काढत नसत. एकीकडे दिवा लावून लक्ष्मीला आत बोलवायचं आणि दुसरीकडे घरातली लक्ष्मी बाहेर काढायची, हे एका वेळी कसं जमायचं, असं अव्वाचं म्हणणं.

अप्पा भाद्रपदात गेले. बाजारात त्यांचं भुसाराचं दुकान होतं. तुरीचं पोतं शिवता शिवता ते जरा टेकले, सुतळी हातातच होती, आणि तसेच गेले. बसलेले गेले, आणि त्यांच्या रीतीप्रमाणे बसवूनच त्यांना शेतात समाधी दिली. स्वप्नालीचं लग्न तेव्हा ठरलेलं होतं. आता एक तर वर्षाच्या आत करायचं, नाहीतर तीन वर्षं थांबायचं. स्वप्नाली थांबायला तयार होती. अव्वा नव्हती.

"तू इथं एकटी राहशील," स्वप्नालीनं तिला थंडीत एकदा म्हटलं होतं.

"एकटी कशाची? ते हायत की शेतात."

हे अव्वा सांत्वनासाठी बोलत नव्हती. रोज उन्हं कलली की ती शेतात जाई, समाधीवर पाणी घाली, भस्माचे पट्टे ओढी आणि बसून राही. बाजारात काय झालं, कुणाची म्हैस व्याली, सोयाबीनला काय भाव फुटला, सगळं सांगे. अंधार पडायच्या आत परत येई. त्या तेवढ्या वेळाच्या जोरावर तिचा उरलेला दिवस निघत होता, हे स्वप्नालीनं पाहिलं होतं. म्हणून तिनं होकार दिला. तरीही आज शालू नेसताना, अक्षता पडताना, पंगतीत घास भरवताना तिच्या मनात एकच होतं: आज रात्री त्या घरात अव्वा एकटी निजणार.

पाठवणी घरून होती. मामींनी ओटी भरली. अव्वा मधल्या खोलीच्या दारात उभी होती. स्वप्नाली पाया पडली तेव्हा अव्वानं तिच्या पदराची घडी सारखी केली.

"वाटेत शेतात उतर. पाया पड अन् निघ. तिथं रेंगाळू नको."

"एक फोटो घेणार आहे, अव्वा. अप्पांसोबत."

अव्वानं तिच्या डोक्यावरून हात फिरवला. मग म्हणाली, "घे. पर दिवसाच्या उजेडात पोच बाई. तुला अंधारात रस्त्यावर ठिवायचं त्यांना कधी चाललं न्हाई."

नांदेड काही जवळ नव्हतं. उजेडात पोचणं शक्यच नव्हतं. हे दोघींनाही कळत होतं.

*

शेत चाकूरच्या रस्त्याला लागून होतं. करडई फुलात होती. बांधावर बाभळींची रांग, आणि तिच्या अलीकडे सिमेंटचा चौथरा, त्यावर हाताएवढी पिंड. सकाळी लग्नाच्या गडबडीतही अव्वा येऊन गेली असावी. भस्म ताजं होतं.

गाडी नवरदेवाचा, संगमेश्वरचा, मित्र सुदर्शन चालवत होता. तो गाडीतच बसला. संगमेश्वरनं कुणी न सांगता बांधावर बूट काढले आणि शेरवानी सावरत ढेकळांतून अनवाणी आला. नांदेडच्या रेल्वे कार्यालयात काम करणारा हा मुलगा तिनं लग्नाआधी मोजक्या वेळा पाहिला होता. तो समाधीवर डोकं टेकवून जरा जास्तच वेळ वाकून राहिला. तिला बरं वाटलं.

फोटोवाला महांतेश उदगीरचा. त्याचं तोंड वाकडंच होतं. "ताई, तलावावर गेलो असतो तर सनसेट झकास आला असता. पाण्यात सूर्य उतरतो तिथं."

"इथंच घ्या."

"घेतो की. पण लाईट किती वेळ टिकतो बघा. बाभळीच्या आड गेला की खेळ संपला."

त्यानं आधी दोघांना चौथऱ्याशी बसवून फोटो घेतले. मग दोघांना समोर उभं केलं, तोंड मावळतीकडे, आणि स्वतः समाधीच्या बाजूला उभा राहिला. मोटरसायकलवरून मागोमाग आलेल्या मामांच्या हातात त्यानं एक मोठी सोनेरी चकती दिली. तिच्यावरून ऊन परतून बाजूनं नवरानवरीच्या तोंडावर पडणार होतं.

"मुलीचा मामा हाय मी," मामा घोगऱ्या आवाजात म्हणाले, "मंडपवाल्याचा गडी न्हाई."

"मामा, थोडी खाली धरा. नवरीचे डोळे दिपायलेत."

"डोळे कुनाचे दिपना गेलेत आज?"

संगमेश्वर हसला. स्वप्नालीही हसली, आणि महांतेशनं नेमका तोच फोटो टिपला.

ऊन समाधीवरून येत होतं. पिवळं, जाड, तुपासारखं. तिच्या हातावरची मेंदी त्यात काळी दिसत होती. सूर्य बाभळीच्या शेंड्याला लागला, मग फांद्यांत उतरला, आणि बघता बघता त्या रांगेमागे नाहीसा झाला. पाखरांचा एक थवा डोक्यावरून गेला आणि गावाकडच्या पिंपळात उतरला.

"झालं," मामा म्हणाले. त्यांनी चकती मिटून बगलेत घेतली.

महांतेश फोटो घेतच राहिला. एक, अजून एक. मग त्यानं कॅमेरा खाली घेतला, मागच्या पडद्यावर पाहिलं आणि अंगठ्यानं एक चाक फिरवून पुन्हा होतं तसं केलं.

"काय झालं?" संगमेश्वरनं विचारलं.

"काही नाही, सर. ह्या वेळेला दर दोन-तीन फोटोंनंतर सेटिंग वाढवावी लागते. उजेड पळत असतो ना. आज हातच लावावा लागेना." तो खूश होता. "तुम्ही जरा वहिनींकडे सरका. तुमच्यावर अंधार येतोय."

"अहो, एकाच जागी तर उभे आहोत आम्ही."

"सरका तर."

संगमेश्वर सरकला. महांतेशनं फोटो घेतला, पाहिला, आणि या वेळी त्याच्या चेहऱ्यावरची खुशी उतरली. त्यानं कॅमेरा दोघांपुढे धरला.

फोटोत स्वप्नाली उन्हात होती. शालूची जर, नाकातली नथ, कपाळावरचं भस्म, सगळं लखलखत होतं. तिला चिकटून उभ्या संगमेश्वरचा एक खांदा उजळला होता. बाकी तो निळसर होता, संध्याकाळी माणसं दिसतात तसा. दोघांच्या मागे आभाळ काळवंडलं होतं आणि त्यात एक तारा उगवला होता.

"मलाही घ्या की हो जरा उन्हात," संगमेश्वर म्हणाला. पण आवाज हळू होता.

स्वप्नालीनं स्वतःला समजावलं. हवेत धूळ असली की सूर्य बुडाल्यावरही आभाळ उजेड परतवत राहतं. वर्गात ती हे फळ्यावर आकृती काढून शिकवत असे. पण त्या उजेडाला दिशा नसते. तो सगळ्यांवर सारखा पडतो, आणि त्यात सावली पडत नाही.

तिनं मागे वळून पाहिलं.

तिची सावली करडईतून लांबलचक गेली होती, थेट पलीकडच्या बांधापर्यंत. पदराचं टोक हलत होतं तेही तिच्यात दिसत होतं. शेजारी संगमेश्वर उभा होता. त्याची सावली नव्हती. मामांची नव्हती. बाभळींचीही नव्हती.

गावात दिवे लागले होते.

"पुरे आता," मामा म्हणाले. "निघा पोरांनो."

महांतेशनं कॅमेरा पिशवीत घातला. एरवी तो शेवटचा एक, शेवटचा एक करत दहा फोटो काढतो, असं त्यानंच दुपारी सांगितलं होतं.

स्वप्नाली चौथऱ्याशी वाकली. सिमेंट ऊबदार होतं. कॉलेजात असताना लातूरहून यायची तेव्हा ती आधी दुकानावर उतरे. अप्पा गल्ला बंद करत असत. ती पायरीवरूनच हाक मारी आणि दोघं मिळून घरी जात. इतकी वर्षं झाली, पण जिभेला ते वळण होतंच. हात जोडून उठता उठता ती म्हणाली, "चला, अप्पा."

मामा गप्पकन थांबले.

"असं म्हनत न्हाईत, पोरी. समाधीवरनं निघताना कुनाला चला म्हनायचं नसतंय. मुकाट्यानं निघायचं असतंय."

"तोंडातून गेलं, मामा."

"असू दे," मामा म्हणाले. त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. त्यांचा हात मनगटापर्यंत उजळला. तो त्यांनी लगेच काढून घेतला.

*

गाडी मोठ्या रस्त्याला लागली तरी सुदर्शन सारखा आरशात बघत होता.

"मागून कोण हायबीम मारायलाय कळंना. पुढंही जाईना लेकाचा."

संगमेश्वरनं मागच्या काचेतून पाहिलं. रस्ता रिकामा होता. सुदर्शननं आरसा वर वळवला.

स्वप्नाली मागच्या सीटवर संगमेश्वरशेजारी होती. ऊन मागच्या काचेतून येत होतं. तिच्या मानेवर पडत होतं, पुढच्या सीटच्या पाठीवर पडत होतं. नांदेड ईशान्येला आहे, मावळती पाठीशीच राहणार, असं तिच्या मनात आलं. मग रस्ता वळला. ऊन वळलं नाही. ते तिच्या मागेच राहिलं.

समोरून येणाऱ्या ट्रकांचे दिवे लागलेले होते. त्यांच्या गाडीचेही लागले होते. आणि त्या दिव्यांच्या झोतावरून, डांबरावर, गाडीची स्वतःचीच सावली लांब होऊन पुढे पळत होती.

"काही बोल," संगमेश्वर म्हणाला.

तिनं पुढे पळणाऱ्या सावलीकडे पाहिलं. मग म्हणाली, "मी स्कूटी शिकले तेव्हा तिचा दिवा मंद होता. क्लासवरून यायला उशीर झाला की अप्पा त्यांची जुनी स्कूटर घेऊन फाट्यावर थांबायचे. मी पुढे, ते मागे. त्यांच्या दिव्याच्या उजेडात मी गाडी चालवायची. रस्त्यावर माझी सावली पुढे पळायची. मी कधी मागे बघितलं नाही. बघायची गरजच नव्हती."

संगमेश्वर ऐकत होता. ऊन त्याच्या गुडघ्यापर्यंत आलं होतं, त्याच्या पुढे येत नव्हतं.

"ते आहेत?" त्यानं विचारलं.

"माहीत नाही."

"बरं." त्यानं शेरवानीचं वरचं बटण लावलं आणि पाठ ताठ केली. "मग मी जरा नीट बसतो."

सकाळपासून आवरून धरलेलं रडू तिला तेव्हा आलं. त्यानं तिचा हात धरला नाही. रुमाल काढून दोघांच्या मध्ये, उन्हात ठेवला.

अहमदपूरला पाण्याची बाटली घ्यायला ती स्वतः उतरली. दुकानदार बाईनं डोळ्यांवर आडवा हात धरला आणि किलकिल्या डोळ्यांनी सुटे पैसे दिले. "आज लई ऊन हाय," ती म्हणाली. म्हणाली आणि थांबली. तिच्या डोक्यावर बल्ब लागला होता आणि त्याभोवती किडे फिरत होते.

लोहा मागे पडलं.

गोदावरीचा पूल आला. पाणी काळं होतं. त्या काळ्या पाण्यावर त्यांच्या गाडीसोबत एक सोनेरी पट्टा सरकत गेला आणि पूल संपला तिथे संपला.

घराच्या दारात सासूबाई, कमलम्मा, ओवाळणीचं ताट घेऊन उभ्या होत्या. बायकांची गर्दी होती. स्वप्नाली उतरली तशा दोघी-तिघी मागे सरल्या.

"हे फोकस कुणी लावलेत गं?" एकीनं विचारलं. "डोळे फोडायलेत."

"व्हिडिओवाल्याचे असतील," दुसरी म्हणाली.

व्हिडिओवाला कुणी आलेलाच नव्हता.

कमलम्मांनी ओवाळलं. निरांजनाची ज्योत त्या उन्हात दिसत नव्हती. उंबऱ्यावर तांदळाचं माप होतं. स्वप्नालीची सावली तिच्या आधीच घरात शिरली होती. बाहेरची खोली ओलांडून समोरच्या भिंतीवर चढली होती.

तिला मागे बघायचं होतं.

"पुढं बघ, बाळ," कमलम्मा म्हणाल्या. "आत ये."

तिनं पायानं माप लवंडलं आणि आत आली.

भिंतीवरची सावली गेली. दुकानाची शेवटची फळी लावल्यावर आत होतो तसा क्षणभर अंधार झाला, आणि मग तिला ट्यूबलाईट दिसली. ती मघापासून चालूच होती.

बाहेर रस्त्यावर नगरपालिकेचा दिवा होता. त्याच्या खाली कुत्रं निजलं होतं.

तिनं अव्वाला फोन लावला.

"पोचलीस?"

"पोचले, अव्वा."

"उजेडात?"

"हो."

"बरं झालं," अव्वा म्हणाली. तिच्या आवाजात खूप दिवसांनी समाधान होतं. "मग निघाले असतील. नीज आता, दमली असशील."

*

सकाळी ती उशिरा उठली. घरात कुणी तिला हाक मारली नव्हती. स्वयंपाकघरातून फोडणीचा वास येत होता. गल्लीत भाजीवाला ओरडत होता. खाटेवर बसून तिनं मोबाईल घेतला. तोच मामांचा व्हिडिओ कॉल आला.

मामा अव्वाच्या अंगणात उभे होते. त्यांचा पांढरा सदरा उन्हानं इतका भगभगत होता की सुरुवातीला त्यांचा चेहरा नीट दिसेना.

"जरा अक्काशी बोल," ते म्हणाले. आवाज अजून बसलेलाच होता. "रात्रीपास्नं पायरीवर बसून हाय. आत येईना, चहा घेईना. कामून बसलीस म्हनलं तर म्हनती, उजाडू तर दे."

"अव्वाला द्या."

मामांनी फोन वळवला. अंगण दिसलं. दोरीवरची लुगडी उन्हात होती. पाण्याचा हौद उन्हात होता. पायरी उन्हात होती. मागून शाळेच्या प्रार्थनेचा आवाज येत होता. पायरीवर अव्वा बसली होती. तिच्या अंगावर रात्र होती. डोळे, नाक, कुंकवाविना कपाळ, काहीच दिसत नव्हतं. चंद्र नसलेल्या रात्री ओसरीवर बसलेलं माणूस असतं, तेवढीच ती होती. मामांची सावली तिच्या पायाशी पडली होती.

"अव्वा?"

"बोल गं." आवाज नेहमीचा होता, जरा झोपेला आलेला. "नीट झोप लागली का? नवी जागा."

"लागली. तू आत का जात नाहीस?"

"जाते की. येऊ दे त्यांना." ती थोडी हसली. "तुला सोडायला गेलेत. वाटेत कुनी भेटलं असंल. सवय हाय त्यांना, एकदा बोलत उभं राहिले की झालं. म्हनलं, दार लावून निजावं तर कडी कोन काढंल?"

मामांचा श्वास फोनवर ऐकू येत होता.

"तिकडंच हायत का गं अजून?" अव्वानं विचारलं. तक्रार नव्हती. नुसतं विचारलं.

स्वप्नालीनं मोबाईल धरलेल्या हाताकडे पाहिलं. मेंदी आज गडद चढली होती. हात ऊबदार होता. कोपरापर्यंत ऊन पडलं होतं, पिवळं, जाड, आणि त्यात हातावरची लव न लव दिसत होती.

तिनं मान वर केली. खोलीला एकच खिडकी होती. खिडकीतून दूरवर गुरुद्वाराचा कळस दिसत होता, आणि कळसाची अलीकडची बाजू, सकाळी असावी तशी, लख्ख उजळलेली होती. त्याच्यावर पडणारं ऊन घराच्या पाठीमागून, पूर्वेकडून येत होतं.

खिडकी पश्चिमेची होती.

"बाई, ऐकू यायलंय ना?" अव्वा म्हणाली.

"येतंय."

"मग सांग की."

आता फक्त एकच शब्द बोलायचा होता. जा. अप्पा, घरी जा. तो तिच्या ओठांपर्यंत आला. ऊन तिच्या मनगटावरून सरकलं नाही. ते वाट बघत असल्यासारखं होतं.

"निघालेत, अव्वा," स्वप्नाली म्हणाली. "वाटेत असतील."

आणि तिनं हात उन्हातून काढून घेतला नाही.